न्यायाधीशांच्या निवडीची कारणमीमांसा

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बांधाच्या किंवा भाडेपट्ट्याच्या दाव्याचा निकाल लागतो, तेव्हा निकालपत्रात एक साधा तक्ता आढळतो. एका रकान्यात मुद्दे, दुसऱ्या रकान्यात त्यांवरील निष्कर्ष, आणि त्याखाली ‘कारणमीमांसा’ या शीर्षकाचा मजकूर. वादीने सातबाराचा उतारा दाखल केला, प्रतिवादीने जुनी पावती पुढे केली. यांपैकी कोणता पुरावा ग्राह्य धरला, कोणता धरला नाही आणि का, हे न्यायाधीशाला लिहावेच लागते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेच तसे बंधन घातले आहे. हरलेल्या पक्षकाराला निकाल पटत नाही. परंतु आपण का हरलो हे त्याला कळते, आणि कळते म्हणूनच त्याला अपील करता येते. कारणे न देता दिलेला निकाल वरिष्ठ न्यायालयात सहसा टिकत नाही. न्यायाधीशाच्या हाती असलेल्या सत्तेवरचा सर्वांत मोठा अंकुश कोणता, असे विचारले, तर तो संविधानातील एखाद्या भारदस्त कलमात नसून या ‘कारणमीमांसा’ नावाच्या रुक्ष मजकुरात आहे, असेच म्हणावे लागेल.

परंतु हे निकाल देणाऱ्या व्यक्ती त्या आसनावर कशा येऊन बसतात, हा प्रश्न विचारला की चित्र पालटते, आणि ते मोठ्या चमत्कारिक रीतीने पालटते. तालुक्याच्या पातळीवर उत्तर अगदी स्वच्छ आहे. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदासाठी लोकसेवा आयोगाची जाहिरात निघते, अभ्यासक्रम जाहीर होतो, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत होते, आणि गुणानुक्रमे यादी लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, तीही सविस्तर कारणे देऊन. जिल्हा न्यायाधीशाच्या पदावर थेट येणाऱ्या वकिलालाही परीक्षा चुकत नाही. उच्च न्यायालयाच्या पायरीवर मात्र जाहिरात, अर्ज, गुणपत्रिका हे सारे एकदम संपते. दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक सेवा एवढी किमान पात्रता संविधान सांगते. त्या पात्रतेच्या शेकडो जणांतून नेमका अमुकच का निवडला, हे कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी तर ‘विख्यात कायदेपंडित’ असा एक स्वतंत्र दरवाजा संविधानकर्त्यांनी ठेवला होता. त्या दरवाजाने गेल्या पंचाहत्तर वर्षांत एकही व्यक्ती आत गेलेली नाही, आणि का गेली नाही याचेही स्पष्टीकरण कोठे नाही. थोडक्यात, ज्याच्या निकालावर तीन-तीन अपिले होऊ शकतात त्याची निवड कसोशीने, आणि ज्याच्या निकालावर अपीलच नाही त्याची निवड बंद दाराआड, असा हा उलटा जिना आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कायदा लेखी आहे, पूर्वनिर्णय छापलेले आहेत. मग न्यायासनावर अमुक बसला काय आणि तमुक बसला काय, फरक कितीसा पडणार? हा आक्षेप ज्यांना खरा वाटतो त्यांनी लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांकडे पाहावे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये त्याच कलमाखाली टिळक पुन्हा उभे राहिले, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. त्यांनी जामीन नाकारला, आणि ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. माणूस तोच, आरोपीही तोच. बदलली होती ती खुर्ची. कायद्याच्या शब्दांत न्यायाधीशाला वावरायला मोकळी जागा असते, आणि ती जागा त्याच्या स्वभावाने, अनुभवाने व दृष्टिकोनाने भरून निघते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

आर्थिक प्रश्नांत तर ही गोष्ट अधिकच ठळकपणे दिसते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा दहा विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द ठरवला. संविधान एकच, नुकसानभरपाईचे कलम एकच. तरीही दहा जणांना जे मालमत्तेच्या हक्कावरचे आक्रमण वाटले ते अकराव्याला वैध वाटले. ते अकरावे न्यायमूर्ती म्हणजे अजितनाथ राय. तीन वर्षांनी हे नाव देशभर गाजले.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे, परंतु संविधानाची मूलभूत चौकट मोडण्याचा नाही, असे तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले. दुसऱ्याच दिवशी नव्या सरन्यायाधीशांचे नाव जाहीर झाले. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून राय यांची नेमणूक झाली. तिघेही बहुमताच्या बाजूचे, राय अल्पमताच्या बाजूचे. तिघांनीही राजीनामे दिले. त्या वेळचे केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत या नेमणुकीचे समर्थन केले. न्यायमूर्तीची केवळ ज्येष्ठता न पाहता त्याचा दृष्टिकोन सरकारने पाहणे योग्यच आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हे समर्थन न्यायव्यवस्थेच्या दृष्टीने घातकच होते. सरकार हा देशातील सर्वांत मोठा पक्षकार. पक्षकाराने आपल्या मताचा न्यायाधीश शोधावा, यासारखा हितसंबंधांचा उघड संघर्ष नाही. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासातील बहुधा सर्वांत आक्षेपार्ह नेमणुकीची कारणे सर्वांत स्पष्टपणे सांगितली गेली. ती संसदेत उच्चारली गेली, म्हणूनच वकीलवर्गाला, वृत्तपत्रांना आणि नागरिकांना ती खोडून काढता आली.

आणीबाणीतील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असा कौल नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी फिरवला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले होते, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय? आणीबाणी असेतोवर सरकारच्या युक्तिवादानुसार तसेच होईल, असे उत्तर मिळाले. राय, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटे उरले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. पाचही न्यायमूर्तींनी आपापली कारणे लिहून ठेवली होती. चंद्रचूड हे पुण्याच्या वातावरणात वाढलेले, व्यासंगी न्यायमूर्ती. त्यांचे निकालपत्रही आज वाचता येते आणि ते कोठे चुकले हे बोट ठेवून दाखवता येते. ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काचा निर्णय देणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल मोडीत काढला, आणि बहुमताच्या निकालपत्रांत गंभीर दोष होते असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र होते. एकेचाळीस वर्षांनी मुलाला वडिलांची चूक दुरुस्त करता आली, कारण ती चूक कागदावर होती. लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येते. मनात ठेवलेल्या कारणाला ते देता येत नाही.

नेमणुकीच्या प्रश्नाकडे वळताना संविधान सभेतील चर्चा आठवणे इष्ट ठरेल. मे १९४९ मध्ये, न्यायमूर्तींची नेमणूक सरन्यायाधीशांच्या संमतीनेच व्हावी अशी सूचना आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. सरन्यायाधीश हा कितीही थोर असला तरी अखेर माणूसच आहे, सामान्य माणसाचे दोष व पूर्वग्रह त्यालाही असणार. राष्ट्रपतीला किंवा सरकारला जो अनिर्बंध अधिकार देण्याची आपली तयारी नाही तो त्याला देणे धोक्याचे ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. तितक्याच ठामपणे त्यांनी नेमणुका एकट्या सरकारवर सोपवणे आणि त्यांना विधिमंडळाची मान्यता घेणे हे दोन्ही मार्ग नाकारले. ‘विचारविनिमय’ हा मधला शब्द त्यातून आला. पुढील सात दशकांचा सारा वाद या एका शब्दाभोवती फिरत राहिला आहे.

१९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने, नेमणुकांत सरकारी वजन आणि प्रादेशिक व जातीय विचार शिरत असल्याची खंत व्यक्त केली होती. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. मग १९८१ साली केंद्रीय कायदामंत्री शिवशंकर यांनी एक परिपत्रक काढले, अतिरिक्त न्यायाधीशांकडून परप्रांतातील उच्च न्यायालयात जाण्यास संमती घेण्याबाबतचे. मुंबईच्या वकिलांना त्यात दहशतीचा वास आला. इक्बाल छागला आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. दिल्लीत न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी याचिका केली. हे सारे एकत्र होऊन ३० डिसेंबर १९८१ चा निकाल लागला.

या निकालाची आठवण बहुधा एकाच कारणासाठी काढली जाते : विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, अखेरचा शब्द सरकारचा, असे बहुमताने ठरले. त्याच निकालातील दुसरा भाग मात्र विस्मृतीत गेला, आणि खरे पाहता तोच अधिक मोलाचा होता. दिल्ली उच्च न्यायालयातील एका अतिरिक्त न्यायाधीशाला मुदतवाढ का नाकारली, यासंबंधी त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, सरन्यायाधीश आणि कायदामंत्री यांच्यात झालेला पत्रव्यवहार गोपनीय आहे, असा सरकारचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. लोकशाहीत कारभार उघडपणे चालला पाहिजे आणि नागरिकाला तो जाणून घेण्याचा हक्क आहे, असे तत्त्व सांगून ती पत्रे खुली करण्यात आली. एकाच व्यक्तीविषयी दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांची मते किती विरुद्ध होती, हे देशाला प्रथमच वाचावयास मिळाले. आभाळ काही कोसळले नाही.

६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने चक्र उलटे फिरवले. अखेरचा शब्द सरकारकडून सरन्यायाधीश व त्यांच्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे आला. १९९८ मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठी सहकाऱ्यांची संख्या चार केली. ‘न्यायवृंद’ म्हणून आज परिचित असलेली ही रचना संविधानाच्या कोणत्याही कलमात सापडत नाही. ती निकालांतून उभी राहिली. १९७३ आणि १९७७ चा अनुभव जमेस धरला तर न्यायमूर्तींनी स्वतःभोवती तटबंदी उभारली यात नवल नाही. खटकते ते एवढेच, की सरकारच्या हातून अधिकार काढून घेताना १९८१ मध्ये उघडलेले कपाटही त्यांनी बंद करून टाकले.

अर्थशास्त्रातील एक साधा विचार येथे लागू पडतो. निवड करणाऱ्याला निकष जाहीर करावे लागत नाहीत, तेव्हा त्याची ज्याच्याविषयी माहिती अधिक त्याच्याकडे तो झुकतो. आणि माहिती अधिक असते ती जवळच्यांची. यात कोणाचा अप्रामाणिकपणा गृहीत धरण्याची गरज नाही. ज्यांची वकिली राजधानीत चालते, ज्यांच्या घरात वकिलीची परंपरा आहे, ते दिसतात. लातूर किंवा चंद्रपूरच्या न्यायालयात तीस वर्षे उत्तम काम करणारा दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायमूर्ती, फातिमा बीबी, यायला १९८९ साल उजाडावे लागले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरन्यायाधीशपदासाठी पाळला जाणारा ज्येष्ठतेचा नियमही याच दृष्टीने पाहावा. त्या नियमाने सर्वोत्तम व्यक्ती मिळतेच असे नाही. निवडणाऱ्याला निवडीची संधीच मिळू नये, हाच त्याचा उपयोग.

सरकारने २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असे सहा सदस्य. कोणत्याही दोघांनी विरोध केला तर नाव बाद. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. कायदामंत्री आणि एक अनुकूल मान्यवर मिळून न्यायमूर्तींच्या एकमताची निवड अडवू शकतील, ही भीती निराधार नव्हती. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी मात्र न्यायवृंदाच्या गुप्ततेवर कठोर टीका केली. पुढल्या वर्षी ते स्वतःच न्यायवृंदाच्या बैठकांना जाईनासे झाले. सदस्यांची मते लेखी नोंदवली जावीत, एवढीच त्यांची मागणी होती. तालुक्याच्या न्यायाधीशाकडून संहिता जे मागते तेच.

त्यानंतर पाऊल पुढे पडले नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले; आरंभीच्या ठरावांत थोडीफार कारणेही असत, पुढे अनेकदा केवळ नावे उरली. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश विजया ताहिलरमानी यांची बदली मेघालयला झाली. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घ काळ काम केलेल्या या न्यायमूर्तींनी फेरविचाराची विनंती केली, ती नाकारली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. बदल्यांना सबळ कारणे आहेत, परंतु ती जाहीर करणे संस्थेच्या हिताचे नाही, आवश्यक वाटल्यास ती जाहीर करू, असे निवेदन सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने काढण्यात आले. एखाद्या कनिष्ठ न्यायाधीशाने आपल्या निकालपत्रात असे वाक्य लिहिले असते, तर अपिलात त्याचे काय झाले असते याची कल्पना करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एका नेमणुकीला न्यायमूर्ती नागरत्ना यांनी विरोध नोंदवल्याचे वृत्तपत्रांनी दिले. न्यायालयाच्या निवेदनात मात्र शिफारस झालेल्यांची नावे तेवढी होती. खन्ना यांचे भिन्नमत कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. निवडीतील भिन्नमत कधी कोणाच्या वाचनात येणार नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. वकील सोमशेखर सुंदरेशन यांच्या नावाची शिफारस फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. सरकारने नाव परत पाठवले. न्यायालयासमोर असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांतून मते मांडली, हा आक्षेप. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदाने तो आक्षेप आणि त्यावरील आपले उत्तर दोन्ही प्रसिद्ध केले : मत व्यक्त केल्याने माणूस अपात्र ठरत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सरकारचे म्हणणे आणि न्यायवृंदाचे म्हणणे शेजारी-शेजारी ठेवून कोणाही सुशिक्षित नागरिकाला आपले मत बनवता आले. फायली अनिश्चित काळ दाबून ठेवण्याच्या सरकारी सवयीलाही, कारणे उघड झाली की थोडा चाप बसतो. उच्च न्यायालयांतील अकराशेहून अधिक मंजूर पदांपैकी पुष्कळशी सदैव रिकामी असतात आणि देशभर सुमारे पाच कोटी खटले तुंबलेले आहेत. या विलंबाची किंमत कोण मोजतो, हे सांगण्याची गरज नाही.

ज्यांची निवड झाली नाही त्यांची बदनामी होईल, चांगले वकील पुढे येणार नाहीत, हा गुप्ततेच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. कोणाच्या चारित्र्याविषयीची ऐकीव माहिती चव्हाट्यावर आणावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु निकष जाहीर करणे आणि कुजबुज जाहीर करणे यांत फरक आहे. इंग्लंडातही पूर्वी लॉर्ड चॅन्सेलर खाजगीत चौकशा करून न्यायाधीश नेमत. २००५ च्या कायद्याने ती पद्धत बदलली. २००६ पासून तेथील नियुक्ती आयोग पदे जाहिरातीने भरतो, इच्छुक अर्ज करतात, निकष आधी छापले जातात. नाकारल्या गेलेल्यांची नावे तेथेही कोणी फलकावर लावत नाही.

आपल्याकडे याच दिशेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. आयोग रद्द करणाऱ्या त्याच पीठाने १६ डिसेंबर २०१५ रोजी सरकारला नेमणुकांची नवी कार्यपद्धती सरन्यायाधीशांच्या विचाराने तयार करण्यास सांगितले, आणि तिच्यात पात्रतेचे निकष, पारदर्शकता, स्वतंत्र सचिवालय व तक्रारींची चौकशी या बाबी असाव्यात असे सुचवले. मसुदे झाले, पत्रे गेली, आक्षेप आले. निकषांवर एकमत होत नाही, असे प्रत्येक बाजू दुसरीकडे बोट दाखवून सांगत राहिली. त्या आदेशानंतर दशकभराचा काळ लोटला; तेवढ्या अवधीत दहाहून अधिक सरन्यायाधीश झाले, शेकडो न्यायमूर्ती नेमले गेले, आणि ते सारे जुन्याच कार्यपद्धतीने.